उड्डाणाच्या इतिहासातला तुमच्या मते सगळ्यात मोठा क्षण कोणता? (१७ डिसेंबर १९०३ सोडून)

घारू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

विमानांचा विषय निघाला की हमखास दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे राइट बंधूंची ती १२ सेकंदं (त्या दिवशीचं त्यांचं पहिलं विमानोड्डाण), आणि लगेच पाठोपाठ "पण पहिले खरंच तेच का?" हा वाद. त्या १२ सेकंदांबद्दल मला आदर आहेच, पण माझ्या मते खरा मोठा क्षण त्याच्या दोन वर्षं आधी येऊन गेला आणि त्याचा फोटो कुणी काढलेला नाही.

१९०१ च्या उन्हाळ्यात दोघं भाऊ नवं ग्लायडर घेऊन किटी हॉकला गेले. हिशेबाप्रमाणे जेवढी लिफ्ट (पंखांना वर उचलणारं बल) मिळायला हवी होती त्याच्या जेमतेम एक तृतीयांश मिळत होती. आता हिशेब ज्या आकड्यांवर केला होता ते काही ह्यांचे नव्हते, जगभरातले सगळे जाणकार तेच आकडे वापरायचे. दुसरं कुणी असतं तर "आपलंच काहीतरी चुकतंय" म्हणून पंख कापत-जोडत बसलं असतं. हे दोघं डेटनला सायकलच्या दुकानात परत आले आणि त्यांनी ठरवलं की कुणाचेच आकडे घ्यायचे नाहीत, स्वतः मोजायचं. सहा फूट लांबीचं लाकडी खोकं, त्याच्या एका तोंडाला पंखा, आत हॅकसॉची पाती आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून केलेले नाजूक तराजू, आणि त्यावर पत्र्याचे तळहाताएवढे पंख. सुमारे २०० आकार तपासले. कुणाला सुचू नये इतकं साधं आणि इतकं कष्टाचं काम, तेही दिवसभर दुकान सांभाळून.

त्यापुढचं १९०२ चं ग्लायडर उत्तम उडलं आणि १९०३ ला फक्त इंजिन आणि पंखे चढवायचे राहिले असं मी म्हणेन. माझ्या लेखी विमानाचा जन्म त्या खोक्यात झाला.

तर प्रश्न असा, तुमचा क्षण कोणता? पहिला कोण, सगळ्यात उंच कोण हे नकोय. ज्याच्याबद्दल वाचताना तुम्ही पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलात असा माणूस किंवा असा क्षण सांगा. आणि का, तेही लिहा.

पतंग्या

वाचनखूण साठवली. सविस्तर रात्री लिहितो, तोवर माझी जागा धरून ठेवा!

चिकित्सक

फार छान मांडलंय. थोडी भर घालतो. त्या चुकीसाठी बहुतेक ठिकाणी लिलिएनथाल ह्या जर्मन ग्लायडरवाल्याच्या कोष्टकांना दोष दिलेला असतो, पण ती कोष्टकं बऱ्यापैकी बरोबर निघाली. घोळ होता तो हवेच्या दाबाच्या गुणांकात, जो अठराव्या शतकापासून ०.००५ धरत आले होते. राइट बंधूंच्या मोजणीत तो ०.००३३ च्या आसपास आला आणि आजचा आकडाही जवळपास तोच आहे. शंभराहून जास्त वर्षं एक चुकीचा आकडा हुशार हुशार लोक एकमेकांकडून उतरवून घेत होते!

आणि पंखे, म्हणजे प्रोपेलर. लोकांनी आधी जहाजाच्या प्रोपेलरसारखे केले होते. ह्या दोघांच्या लक्षात आलं की प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच आहे, मग खोक्यातले आकडे तिथेही वापरता येतात. त्यांच्या प्रोपेलरची कार्यक्षमता सुमारे ७५ टक्के होती. लाकूड हाताने तासून. मला तर हेच १२ सेकंदांपेक्षा जास्त थक्क करतं.

सागर_उ

धागा उत्तम पण मी असहमत. 🙂

मोजमाप महत्त्वाचं आहे हो, पण खोक्यात पत्रा उडवून कुणाचा जीव जात नाही. कुणीतरी स्वतःचं शरीर घेऊन हवेत जावंच लागतं. माझा माणूस ऑटो लिलिएनथाल. बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला त्याने उडी मारायला चक्क एक टेकडी उभी करून घेतली होती, १५ मीटर उंच, म्हणजे वारा कुठल्याही बाजूचा असला तरी त्या दिशेला तोंड करून धावता यावं. दोन हजारांच्या आसपास ग्लाइड्स केल्या. तोल सांभाळायचा तर पाय आणि कंबर झुलवून, बस, दुसरं काही साधन नाही.

मी पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे हे वाचताना माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. आमच्याकडे हार्नेस, हेल्मेट, रिझर्व्ह पॅराशूट, हवामानाचं ॲप, आणि खाली रेडिओवर ओरडणारा इन्स्ट्रक्टर. तरीही एखादा थर्मल (वर चढणारी गरम हवा) अचानक पंख उचलतो तेव्हा डोकं सुन्न होतं, जे शिकलोय ते आठवायला क्षणभर वेळ लागतो. ह्या माणसाला शिकवायलाच कुणी नव्हतं. ९ ऑगस्ट १८९६ ला ग्लायडर हवेत थांबल्यासारखं झालं, नाक खाली गेलं, १५ मीटरवरून तो पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या मृत्यूची बातमी वाचूनच राइट बंधूंनी हा विषय मनावर घेतला हे तर सगळ्यांना माहीत आहे. मग जन्म कुठे झाला सांगा, खोक्यात की त्या टेकडीवर?

घारू (धागाकर्ती)

सागर, प्रतिसाद फार आवडला, तरी माझा मुद्दा सोडत नाही. 😀 त्याच्याच अपघातावरून दोघा भावांनी धडा घेतला की पंख आणि इंजिन लोक करतील, अडलंय ते नियंत्रणावर. म्हणून पंख पिळायची युक्ती, म्हणून पुढचं एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा भाग), म्हणून सुकाणू. नुसतं शौर्य लँग्ली ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या वैमानिकाकडे, मॅनलीकडेही होतंच की. लँग्लीचं विमान घेऊन तो ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ ला दोनदा पोटोमॅक नदीत पडला, दुसऱ्या वेळी तर बर्फाळ पाण्यात. इंजिन ५२ अश्वशक्तीचं, राइटांच्या चौपट! सरकारचे ५० हजार डॉलर. आणि दुसऱ्यांदा पडल्यावर नऊच दिवसांनी किटी हॉकला १२ अश्वशक्तीवाले उडले.

मृदुला_न

तुम्ही दोघं भांडताय ते एकाच माणसाबद्दल. लिलिएनथाल आधी वीसेक वर्षं पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास आणि मोजमापं करत होता, त्यावर १८८९ ला पुस्तक लिहिलं, आणि मग उडी मारली. त्याच्याकडे दोन्ही होतं.

माझं उत्तर : बेसी कोलमन. टेक्ससमधल्या कापूस वेचणाऱ्या घरातली मुलगी, पुढे शिकागोमध्ये मॅनिक्युअरचं काम करायची. युद्धावरून आलेल्या लोकांकडून विमानांच्या गोष्टी ऐकल्या आणि ठरवलं की शिकायचं. अमेरिकेत एकाही फ्लाइंग स्कूलने घेतलं नाही, कारण एक तर बाई, त्यात काळी. मग तिने काय करावं? फ्रेंच शिकली. पैसे जमवले, फ्रान्सला गेली, आणि १५ जून १९२१ ला आंतरराष्ट्रीय लायसन्स घेऊन आली. पुढे हवाई कसरतींचे खेळ करायची, आणि जिथे काळ्या प्रेक्षकांना आत घेणार नाहीत तिथे उडणार नाही असं बजावून सांगायची. आपल्या लोकांसाठी फ्लाइंग स्कूल काढायचं हे तिचं ठरलेलं होतं. ३० एप्रिल १९२६ ला विमानातून पडून गेली, वय ३४. स्कूल काढायचं राहूनच गेलं.

विमान उडवायला शिकण्यासाठी आधी एक अख्खी परकी भाषा शिकायची, हा तो क्षण. तिने शिकागोत पहिला फ्रेंच धडा घेतला तो.

ओंकार१२

मृदुलाताई, __/\__

मेकॅनिक_काका

मी सहसा नुसता वाचतो पण आज लिहायलाच हवं. आयुष्यभर विमानांच्या मेंटेनन्समध्ये काम केलं, आता निवृत्त.

मृदुलाताईंनी बेसी कोलमनचा शेवट एका ओळीत लिहिला, त्याचं कारण लिहितो. त्या दिवशी विमान तिचा मेकॅनिक चालवत होता. दुसऱ्या दिवशी पॅराशूट घेऊन उडी कुठे मारायची ती जागा नीट दिसावी म्हणून तिने पट्टा सोडला होता. विमान अचानक गोते खाऊन उलटलं आणि ती बाहेर फेकली गेली. मेकॅनिकही वाचला नाही. नंतर सापडलं काय, तर कंट्रोल्सच्या गियरमध्ये अडकलेला एक पाना. सुटा राहिलेला पाना!

आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला इंजिन दाखवत नाहीत, टूल बोर्ड दाखवतात. प्रत्येक हत्याराची आकृती बोर्डावर रंगवलेली, हत्यार काढलं की तिथे आपल्या नावाचा टोकन लावायचा. शिफ्ट संपताना एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान सोडत नाहीत, मग पॅसेंजर बसलेले असोत की वरून फोन येवोत. एकदा रात्री एक छोटा स्क्रूड्रायव्हर मिळेना, आम्ही पॅनेल उघडून उघडून पहाटेपर्यंत शोधला, शेवटी कुणाच्या तरी ओव्हरऑलच्या खिशात निघाला. कुणीही त्या पोराला हसलं नाही, उलट त्याने स्वतःहून सांगितलं म्हणून सुपरवायझरने त्याची पाठ थोपटली.

आता माझं उत्तर. चार्ली टेलर. राइटांच्या दुकानातला मेकॅनिक. दोघा भावांनी मोटार कंपन्यांना पत्रं लिहिली, हवं तसं हलकं इंजिन द्यायला कुणी तयार नाही. मग चार्लीने सहा आठवड्यांत दुकानातल्या लेथवर आणि ड्रिल प्रेसवर ते बनवलं. नीट ड्रॉइंग्ज नाहीत, कागदाच्या चिटोऱ्यावर आकृती काढायची आणि बाकावर समोर अडकवायची. ॲल्युमिनियमचा क्रँककेस ओतून घेतला, १९०३ साली! कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नाही, फ्युएल पंप नाही, पेट्रोल वरून आपसूक ओघळणार. फोटोत ऑरव्हिल आहे, विल्बर आहे, चार्ली नाही. तो तिकडे डेटनला दुकान बघत होता.

घारू (धागाकर्ती)

काका, लिहीत राहा प्लीज. असे प्रतिसाद यावेत म्हणून तर धागा काढला.

अनघा_प

काकांच्या पठडीतलीच एक बाई सांगते. बिॲट्रिस 'टिली' शिलिंग.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत, स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांना एक दुखणं होतं. नाक झटकन खाली घालून सूर मारला की इंजिन अडखळायचं, कधी बंदच पडायचं. कारण मर्लिन इंजिनच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट होता, उलटा जी-फोर्स आला की पेट्रोल वर चढायचं, आधी इंजिन उपाशी आणि मग पेट्रोलचा एकदम पूर. जर्मन विमानांना फ्युएल इंजेक्शन होतं, त्यांना ही भानगड नाही, ती सूर मारून निघून जायची.

नवीन कार्ब्युरेटर यायला वेळ लागणार होता. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या टिलीने एक छोटी पितळी चकती बसवली, मधे भोक, इंजिनला पूर्ण ताकदीला लागतं तेवढंच पेट्रोल जाऊ देणारं, जास्त नाही. वॉशरच म्हणा ना. विमान स्क्वाड्रनमधून काढायचीसुद्धा गरज नव्हती. १९४१ च्या सुरुवातीला ती छोटी टीम घेऊन तळातळावर हिंडून चकत्या बसवत होती. पायलट जगतात हो तेव्हा अशा चकतीवर.

शिवाय बाई मोटरसायकल रेसर! ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन ताशी १०० मैलांच्या वर पळवून गोल्ड स्टार मिळवलेला. सांगतात की होणाऱ्या नवऱ्याला तिने अट घातली होती, तुला पण गोल्ड स्टार मिळू दे, मग लग्न.

पतंग्या

आलो. आधीचे प्रतिसाद वाचून दोनदा विचार बदलला. अनघाताई, त्या नवऱ्याला पण एखादं पदक द्यायला हवं होतं, शौर्याचं. 😀

मूळ उत्तराआधी एक किस्सा. राइटांनी १९०४ मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेअरी ह्या कुरणात उड्डाणं सुरू ठेवली. २० सप्टेंबर १९०४ ला विल्बरने पहिल्यांदा विमान पूर्ण गोल फिरवून आणलं. ते डोळ्यांनी बघून कुणी छापलं? एमॉस रूट नावाच्या गृहस्थाने, जानेवारी १९०५ मध्ये, मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मासिकात! माणूस स्वतः मधमाशीपालनाचं साहित्य विकायचा, ओहायोतच राहायचा, मोटार काढून बघायला गेला आणि भारावून गेला. मोठमोठी वर्तमानपत्रं तिकडे फिरकली नाहीत. मधमाशीवाल्यांना कळलं ते जगाला १९०८ ला कळलं, विल्बरने फ्रान्समध्ये ल मांसला उडून दाखवल्यावर.

देवदत्त_ज

इतके प्रतिसाद झाले, शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव कुणीच घेतलं नाही? १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' उडवलं, राइटांच्या आठ वर्षं आधी. आपल्या माणसाची आपणच आठवण ठेवायला नको का?

चिकित्सक

देवदत्तजी, भावना समजते, आणि तळपद्यांनी ह्या विषयात मन घातलं होतं ह्याबद्दल आदरही आहे. पण ते विमान उडलं, किती उडलं, कसं उडलं हे तपासून बघता येईल असा त्या वेळचा पुरावा समोर आलेला नाही. जे लिहिलं गेलं ते बरंचसं नंतरचं आणि एकमेकांवरून उतरवलेलं. वैमानिकशास्त्र म्हणून ज्या पोथीचा दाखला देतात तिचा १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी अभ्यास केला. मजकूर विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडूच शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वर गुणांकाचं उदाहरण दिलं ते ह्याचसाठी, आकडा कितीही लाडका असला तरी मोजून बघावा लागतो.

देवदत्त_ज

पुरावा हरवला म्हणजे घटना घडली नाही असं होत नाही. तुमचा मुद्दा वाचला, माझं मत मी राखून ठेवतो.

घारू (धागाकर्ती)

दोघांनीही नीट शब्दांत लिहिलंत, धन्यवाद. हा वाद इथेच थांबवूया, त्यावर वेगळा धागा काढता येईल.

सागर_उ

भारताचा विषय निघालाच आहे तर ज्याला भरपूर पुरावा आहे असं एक सांगतो. १९३०. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं, इंग्लंड आणि भारत हे अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर उलट बाजूने, इंग्लंडहून. अस्पीचं वय फक्त १७! इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडलेला, स्पार्क प्लगसाठी. जेआरडींनी आपल्याकडचे जास्तीचे प्लग त्याला देऊन टाकले. प्रतिस्पर्ध्याला! अस्पी पुढे निघाला आणि थोड्या तासांच्या फरकाने बक्षीस जिंकला.

तोच अस्पी १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आणि जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तिथून आपली विमानसेवा सुरू झाली. म्हणजे दोघांचंही भलं झालं. माझं मूळ उत्तर लिलिएनथालच, पण हा प्लगचा क्षण दुसऱ्या नंबरवर.

मृदुला_न

+१. टपालावरून आठवलं, जगातलं पहिलं अधिकृत विमान टपाल भारतातच गेलं, १८ फेब्रुवारी १९११, अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला. आँरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक, सुमारे ६,५०० पत्रं, आणि प्रवास १३ मिनिटांचा.

रोहिणी_व

मी केबिन क्रू होते बरीच वर्षं, त्यामुळे माझं उत्तर थोडं वेगळ्या बाजूचं.

२४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं ७४७, क्वालालंपूरहून पर्थला चाललेलं, रात्रीची वेळ. जावावरच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं एकामागोमाग बंद पडली. चारही! रडारवर राख दिसत नाही, त्यामुळे नेमकं काय झालंय हे कॉकपिटमध्ये कुणालाच कळत नव्हतं. कॅप्टन एरिक मूडी यांनी माइक घेतला आणि प्रवाशांना सांगितलं की एक छोटी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडलीत, ती सुरू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतोय, तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे.

लोक हे विनोद म्हणून सांगतात. मला त्यात विनोद दिसत नाही. केबिनमध्ये दोन-अडीचशे माणसं असतात आणि त्यांचे डोळे आमच्या चेहऱ्यावर असतात. एकदा जोराच्या टर्ब्युलन्समध्ये ट्रॉली उसळली, माझ्या सीनियर ताईंनी एका हाताने ती धरली आणि दुसऱ्या हाताने समोरच्या आजींचा पट्टा नीट केला, तोही अगदी सावकाश. त्या सावकाशपणाने चार रांगा शांत झाल्या. मूडींनी खोटं काही सांगितलं नाही, लपवलं नाही, आणि आवाज चढवला नाही. विमान खाली येत असताना राखेतून बाहेर पडलं, इंजिनं परत धरली आणि जाकार्ताला उतरलं, तेही राखेने घासून आंधळ्या झालेल्या काचेतून. सगळे सुखरूप.

ओंकार१२

बापरे. चारही इंजिनं बंद पडल्यावर विमान दगडासारखं पडत नाही का?

सागर_उ

नाही रे, ग्लाइड करतं. सगळीच विमानं करतात, ७४७ सुद्धा, साधारण १ किलोमीटर खाली येईपर्यंत १५ किलोमीटर पुढे जातं. गिमली ग्लायडर वाच. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं ७६७, ४१ हजार फुटांवर इंधन संपलं. कारण मोजमाप! कॅनडात तेव्हा पाउंडाकडून किलोकडे बदल चालू होता, विमानातले फ्युएल गेज बंद होते, म्हणून हाताने हिशेब केला. लिटरला ०.८ किलो धरायचं ते १.७७ धरलं, जो पाउंडाचा आकडा आहे. २२,३०० किलो हवं होतं, भरलं गेलं २२,३०० पाउंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. कॅप्टन बॉब पिअर्सन हौशी ग्लायडर पायलट होते. गिमलीच्या जुन्या, बंद झालेल्या हवाई तळावर त्यांनी विमान आडवं सरकवत उंची कमी केली, ग्लायडरवाले करतात तसं, आणि उतरवलं. धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यतीवाले जमलेले होते! कुणीही दगावलं नाही.

घारू (धागाकर्ती)

सागर, शेवटी तूच मोजमापावर आलास. 😀😀

सागर_उ

चुकीच्या मोजमापाने पाडलं आणि ग्लायडरवाल्याने वाचवलं, नीट वाचा ताई!

मेकॅनिक_काका

रोहिणीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

इंधनाच्या हिशेबाबद्दल पोरांना आम्ही हेच सांगायचो, आकड्यापुढे एकक लिहिलं नसेल तर तो आकडा कोरा समजायचा.

अजून एक माणूस. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड वॉरन. नऊ वर्षांचा असताना १९३४ च्या विमान अपघातात वडील गेले. मोठेपणी मेलबर्नच्या सरकारी प्रयोगशाळेत विमानाच्या इंधनावर काम करत होता. १९५४ मध्ये कॉमेट विमानं हवेत फुटली, जगातली पहिली जेट प्रवासी विमानं, आणि का फुटतायत ते कळेना. चर्चेला बसलेला असताना त्याच्या डोक्यात आलं की कॉकपिटमधलं बोलणं कुठेतरी टिपलेलं असतं तर? पोलादी तारेवर चार तासांचं बोलणं आणि उपकरणांची मापं टिपणारं यंत्र त्याने करून दाखवलं. त्याच्या स्वतःच्या देशात आधी कुणी फारसं विचारलं नाही, १९५८ ला एका ब्रिटिश पाहुण्याने बघितलं आणि मग चक्रं फिरली. तेच यंत्र, म्हणजे ब्लॅक बॉक्स, आज प्रत्येक मोठ्या विमानात आहे.

कॉमेटचं कारण वेगळ्या मार्गाने सापडलं. फार्नबरोला अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून आत पाण्याचा दाब कमीजास्त करत राहिले, हजारो उड्डाणांचा ताण काही आठवड्यांत दिला, आणि धातू थकून कवच फाटलं. ही टाकी म्हणजे घारूताईंच्या खोक्याची सख्खी बहीण.

अनघा_प

काका, वॉरनबद्दल माहीत नव्हतं. अपघाताचं कारण सापडलं की पुढच्या विमानांत ती चूक राहत नाही, हे किती मोठं आहे. १९३५ च्या बोइंग मॉडेल २९९ चंही तसंच ना? चाचणीला उड्डाण घेतलं आणि कोसळलं, कारण जमिनीवर असताना सुकाणू-एलेव्हेटर वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. त्यातून पायलटांची चेकलिस्ट आली. आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं.

मेकॅनिक_काका

बरोबर. आणि म्हणून अनुभवी माणसालाच चेकलिस्ट जास्त लागते. नवखा घाबरून सगळं बघतो.

पतंग्या

आता माझं उत्तर, राखून ठेवलेलं. पॉल मॅकक्रेडी आणि गॉसमर कॉन्डॉर.

१९५९ पासून क्रेमर पारितोषिक लावलेलं होतं, माणसाने नुसत्या स्वतःच्या ताकदीवर, इंजिनशिवाय, अर्धा मैल अंतरावरच्या दोन खुणांभोवती आठचा आकडा काढत उडून दाखवायचं. १८ वर्षं कुणाला जमलं नाही. भारी भारी विद्यापीठांच्या टीम्सनी सुंदर, गुळगुळीत विमानं बांधली, एकदा आपटली की दुरुस्तीला महिने. मॅकक्रेडीवर कर्ज झालं होतं, नातेवाइकाला जामीन राहिल्याचं, आणि बक्षीस ५० हजार पौंड म्हणजे जवळजवळ तेवढंच! त्याने उलटा विचार केला. सुंदर नको, हळू उडणारं अवाढव्य पाहिजे आणि आपटलं तर त्याच दिवशी जोडता आलं पाहिजे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पियानोची तार, पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा. पंखांची लांबी २९ मीटर आणि वजन सगळं मिळून ३२ किलो! रोज मोडायचं, रोज चिकटपट्टी लावून जोडायचं, रोज काहीतरी नवं कळायचं. २३ ऑगस्ट १९७७ ला ब्रायन ॲलन नावाच्या सायकलपटूने पॅडल मारत ते आठाचा आकडा काढून आणलं.

दोन वर्षांनी त्यांच्याच गॉसमर ॲल्बाट्रॉसमधून ॲलनने पॅडल मारत इंग्लिश खाडी ओलांडली, १२ जून १९७९, २ तास ४९ मिनिटं. वारा विरुद्ध होता, पिण्याचं पाणी संपलं, पायांत गोळे आले, एकदा तर सोडून द्यायचा इशारा करून झाला होता आणि दोर बांधायला बोटीला खाली जागा द्यायची म्हणून जरा वर चढला तर वरची हवा शांत लागली आणि म्हणून पुढे जात राहिला.

माझा क्षण तो वर चढण्याचा.

मृदुला_न

पतंग्या, हा प्रतिसाद धाग्याचा मानकरी!

चिकित्सक

कडक. आणि बघा, सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी परत पॅडलवर आली.

शर्वरी_१

फार उशिरा आले. लेक नववीत आहे, तिला सगळा धागा वाचून दाखवला, टिली शिलिंग सर्वाधिक आवडली. तिचा प्रश्न आहे की १९०३ चं मूळ विमान आता कुठे आहे आणि बघता येतं का?

चिकित्सक

वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात. पण ते तिथे पोचायला ४५ वर्षं लागली, आणि कारण वर आलेला लँग्ली! लँग्ली स्मिथसोनियनचा प्रमुख होता. १९१४ मध्ये त्याचं पाण्यात पडलेलं विमान ग्लेन कर्टिसने बरेच बदल करून थोडंसं उडवलं, आणि संस्थेने त्याच्यापुढे पाटी लावली की माणसाला घेऊन उडू शकणारं पहिलं विमान हे. ऑरव्हिल इतका दुखावला की १९२८ मध्ये त्याने आपलं विमान थेट लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाठवून दिलं. स्मिथसोनियनने १९४२ मध्ये केलेले बदल छापून मान्य केले आणि विधान मागे घेतलं, तेव्हा ऑरव्हिलने विमान परत आणायला होकार दिला. मध्ये युद्ध, आणि जानेवारी १९४८ मध्ये ऑरव्हिल गेला. १७ डिसेंबर १९४८ ला विमान तिथे लागलं.

लेकीला सांगा, पतंग्याचं गॉसमर कॉन्डॉरही त्याच संग्रहालयाकडे आहे.

मेकॅनिक_काका

शर्वरीताई, लेकीला चार्लीचंही सांगा. १९३० च्या दशकात हेन्री फोर्डला राइटांचं दुकान जसंच्या तसं उभं करायचं होतं, तेव्हा चार्ली कॅलिफोर्नियात एका विमान कारखान्यात साधा मशिनिस्ट म्हणून काम करताना सापडला. त्याला बोलावून दुकान पुन्हा मांडून घेतलं. १९५६ ला गेला. आता अमेरिकेत ५० वर्षं सेवा केलेल्या विमान मेकॅनिकला त्याच्या नावाने सन्मान देतात, आणि २४ मे हा त्याचा वाढदिवस मेंटेनन्सवाल्यांचा दिवस म्हणून पाळतात.

शर्वरी_१

काका, सांगितलं. ती विचारतेय, इंजिन बनवायला सहा आठवडे पुरतात का, शाळेची सुट्टी तेवढीच असते. 🙂

मेकॅनिक_काका

पुरतात. लेथ लागेल, आणि शेजारी कुणीतरी जाणतं माणूस. आधी जुनं स्कूटरचं इंजिन उघडायला द्या, सगळे नट-बोल्ट काढल्या क्रमाने मांडायचे आणि परत जोडायचे. काही उरलं नाही तर मग पुढचं सांगतो.